मृतांचा दिवस आणि मृत्यूची मिरवणूक

दरवर्षी ऑक्टोबर संपत आला की मेक्सिकोच्या एका सणाविषयी ठरावीक साच्यातला मजकूर मराठीत फिरू लागतो. पुरवण्यांतून, ढकलपत्रांतून, प्रवासवर्णनांतून तो येतो आणि त्यातली वाक्ये एव्हाना आम्हांला जवळपास पाठ झाली आहेत. मेक्सिकोचे लोक मृत्यूला भीत नाहीत. ते त्याला हसतात. साखरेची कवटी करून त्याला खाऊन टाकतात. आपण मात्र मरणाचे नाव काढायलाही कचरतो, तेव्हा त्यांच्यापासून आपण काही शिकावे. सोबत चेहऱ्यावर कवटी रंगवलेल्या, केसांत फुले माळलेल्या एखाद्या तरुणीचे छायाचित्र असते. शीर्षक बहुधा 'मृत्यूचा उत्सव' असेच काहीतरी.

या मजकुराला आमचा आक्षेप आहे. त्यामागच्या कुतूहलाला नाही. परक्यांच्या रीतिरिवाजांबद्दल कुतूहल असणे चांगलेच. आक्षेप आहे तो एका शब्दाला. त्या सणाचे स्पॅनिश नाव 'दिया दे मुएर्तोस' असे आहे आणि त्याचा अर्थ 'मृतांचा दिवस' असा होतो. मृत्यूसाठी स्पॅनिशमध्ये 'मुएर्ते' हा निराळा शब्द आहे. तो या नावात नाही. मराठीतही 'मृत' आणि 'मृत्यू' हे दोन शब्द इतके स्वच्छ वेगळे आहेत की ही गल्लत भाषेच्या अडचणीमुळे झाली असे म्हणण्याची सोय नाही. ती किरकोळही नाही. मृत म्हणजे कोणीतरी माणूस असते. त्याला नाव असते, चेहरा असतो, आवडीनिवडी असतात, अर्धवट राहिलेली भांडणे असतात. मृत्यू ही कल्पना आहे. कल्पनेची मिरवणूक काढता येते, तिचा मुखवटा विकता येतो, तिच्यावर निबंध लिहिता येतात. माणसाला मात्र जेवायला बोलवावे लागते.

आमचे म्हणणे असे की, गेल्या शंभरेक वर्षांत, आणि विशेषतः २०१६ पासून, या सणाच्या सार्वजनिक रूपात मृतांची जागा मृत्यू घेत चालला आहे. आणि ज्या देशात हे घडते आहे त्या देशाला आज ही अदलाबदल मुळीच परवडणारी नाही.

प्रथम घरात काय होते ते पाहू, कारण सणाचा पाया तिथे आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस घरातल्या एका भिंतीशी टेबल मांडले जाते किंवा पायऱ्यापायऱ्यांची उतरंड रचली जाते. तिला 'ओफ्रेंदा' म्हणतात, म्हणजे अर्पण. तिच्यावर गेलेल्या माणसांची छायाचित्रे ठेवतात. पाण्याचा पेला ठेवतात, कारण लांबून येणाऱ्याला तहान लागलेली असणार. मीठ असते, मेणबत्त्या असतात, कोपाल नावाच्या राळेचा धूप असतो, नक्षी कातरलेले पातळ रंगीत कागद वर टांगलेले असतात. 'पान दे मुएर्तो' म्हणजे मृतांचा पाव असतो. त्याच्यावर पिठाच्याच हाडांचा आकार उठवलेला असतो. याखेरीज ज्याचे त्याचे खास असे काही असते. एखाद्या आजोबांसाठी मेस्कालचा घोट आणि सिगारेट, आजीला आवडणारा मोले नावाचा मिरच्यांचा दाट रस्सा, लहानपणी गेलेल्या मुलासाठी खेळणे आणि मिठाई. सर्वसाधारणपणे १ नोव्हेंबर हा बालपणी गेलेल्यांचा दिवस आणि २ नोव्हेंबर प्रौढांचा. अपघाताने वा हिंसेने गेलेल्यांसाठी अनेक ठिकाणी त्याआधीचा, २८ ऑक्टोबरचा दिवस राखलेला असतो. पुष्कळ घरांत एक मेणबत्ती अशा जिवासाठीही लावतात, ज्याची आठवण काढणारे मागे कोणी उरलेले नाही.

दारापासून ओफ्रेंदापर्यंत पिवळ्या-नारिंगी पाकळ्यांची वाट काढलेली असते, येणाऱ्याला घर सापडावे म्हणून. ती फुले म्हणजे झेंडू. दसऱ्याला आपण ज्याची तोरणे बांधतो तो हा झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. युरोपीयांच्या जहाजांतून तो भारतात आला आणि इथे इतका रुजला की तो परका होता हे आपण विसरून गेलो. मेक्सिकोत त्याला 'सेम्पासुचिल' म्हणतात. हे नाव नाहुआत्ल भाषेतले असून त्याचा शब्दशः अर्थ 'वीस फुले' असा आहे. एका फुलात अनेक फुले दाटलेली असतात, त्यावरून ते पडले.

घराबरोबर दफनभूमीही आलीच. थडगी धुतली जातात, फुलांनी झाकली जातात, रात्रभर त्यांच्यापाशी बसून राहण्याची रीत अनेक गावांत आहे. काम्पेचे राज्यातल्या पोमुच या माया लोकांच्या गावात तर पुरून काही वर्षे झालेल्या आप्तांची हाडे दरवर्षी पेटीतून बाहेर काढतात, हळुवारपणे पुसतात आणि खालचे भरतकामाचे कापड बदलून पुन्हा ठेवतात.

या सगळ्यात हसणे आहे का? आहे. गाणीबजावणी आहे, मद्य आहे, गेलेल्या माणसाच्या फजितीचे किस्से आहेत. मात्र हे हसणे मृत्यूला उद्देशून नसते. बऱ्याच दिवसांनी पाहुणा घरी आल्यावर ज्या जातीच्या गप्पा होतात त्या जातीचे ते असते. त्याच्या खाली कामाचा मोठा भार असतो: मक्याचे पीठ मळणे, तामाले गुंडाळणे, मोलेसाठी मिरच्या भाजून वाटणे, थडगी घासणे. हा भार बव्हंशी बायका वाहतात. 'मृत्यूला हसणारा देश' या वाक्यात या कामाला जागा नाही. दोन-दोन दिवस चुलीपुढे उभी असलेली बाई मृत्यूविषयीच्या कोणत्याही तत्त्वज्ञानाचे प्रात्यक्षिक करीत नसते. ती आपल्या आईसाठी स्वयंपाक करीत असते.

मग मृत्यूला हसण्याची ही कल्पना आली कुठून? तिचे मूळ शोधताना प्रथम एका चित्रकाराकडे जावे लागते. होसे ग्वादालुपे पोसादा (१८५२-१९१३) हा मेक्सिको शहरातला छापखान्यासाठी चित्रे कोरणारा कारागीर. स्वस्तातल्या एकपानी पत्रकांवर त्याचे सांगाडे छापले जात: सायकलवर बसलेले, भांडणारे, नाचणारे, मिरवणारे. या पत्रकांवर सोबत पद्ये असत. आजही मेक्सिकोत नोव्हेंबरच्या तोंडावर अशी पद्ये रचतात. त्यांना 'कालावेरा' म्हणजे कवट्या असे म्हणतात, आणि त्यांची गंमत अशी की ती जिवंत माणसांवर असतात. मंत्री, व्यापारी, शिक्षक, शेजारी यांपैकी कोणीतरी मेला आहे असे समजून त्याची खोड मोडायची. म्हणजे इथेही हसे होते ते जिवंतांचे, त्यांच्या मोठेपणाचे.

पोसादाचे सर्वांत प्रसिद्ध चित्र म्हणजे पिसांची भव्य टोपी घातलेली स्त्रीची कवटी. तिचे मूळ नाव 'कालावेरा गार्बान्सेरा'. आपले देशी रक्त लपवून युरोपीय ऐट मिरवणाऱ्या बायकांवरचा तो टोमणा होता. पुढे दिएगो रिवेरा याने १९४७ च्या आपल्या प्रचंड भित्तिचित्रात तिला नखशिखांत देह दिला, उंची वस्त्रे दिली, पोसादाच्या हातात तिचा हात दिला आणि 'कात्रिना' हे नाव रूढ केले. आज जगभर दिसणारा तो रंगवलेला चेहरा या कात्रिनाचा. उसनी ऐट मिरवणाऱ्यांची टर उडवण्यासाठी काढलेले चित्र उसनी ऐट मिरवण्याच्या कामी यावे, यावर पोसादाने बहुधा आणखी एक पत्रक काढले असते. तो मात्र गरिबीत मेला. त्याचे दफन दोलोरेस दफनभूमीत खालच्या वर्गाच्या खड्ड्यात झाले आणि सात वर्षांनी, कोणी दावा न केल्याने, त्याची हाडे सामूहिक खड्ड्यात गेली. मेक्सिकोच्या मृत्यूला ज्याने चेहरा दिला त्याचे थडगे कुठेही नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

क्रांतीनंतरच्या मेक्सिकोला राष्ट्र म्हणून एक चेहरा हवा होता. १९२० नंतरच्या दोन-तीन दशकांत चित्रकारांनी, लेखकांनी आणि शासनाने खेड्यांतल्या, विशेषतः देशी जमातींच्या चालीरीतींमधून तो घडवायला घेतला. १९५० मध्ये ऑक्टाव्हियो पाझ यांचा 'एकांताचा चक्रव्यूह' हा निबंधग्रंथ आला आणि त्यातल्या मृतांच्या दिवसावरील प्रकरणाने, मेक्सिकन माणूस मृत्यूशी सलगी करतो, त्याची थट्टा करतो, या कल्पनेला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळाली. पाझ पुढे १९६२ ते १९६८ या काळात भारतात मेक्सिकोचे राजदूत होते. २ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको शहरात सरकारने विद्यार्थ्यांवर गोळीबार केला तेव्हा निषेध म्हणून त्यांनी ते पद सोडले. आम्ही त्यांचे वाचक आहोत. त्या प्रकरणात पाझ या थट्टेला दूषणेही देतात, तिच्यामागची उदासीनता दाखवतात; त्यांना उद्धृत करणारे तेवढा भाग वगळतात, हा त्यांचा दोष नव्हे. परंतु 'मेक्सिकन माणूस' नावाच्या एकाच अमूर्त मनुष्याच्या मुखी एक वृत्ती घालण्याची सवय त्या ग्रंथाने लावली, हेही खरे. मानववंशशास्त्रज्ञ स्टॅन्ली ब्रँडिस यांनी मिचोआकानमधल्या त्सिन्त्सुन्त्सान गावात दीर्घकाळ काम करून ही वृत्ती म्हणजे कशी एक घडवलेली प्रतिमा आहे ते २००६ च्या आपल्या ग्रंथात दाखवले. त्याच्या एक वर्ष आधी क्लाउदिओ लोमनित्झ यांनी मृत्यू हेच मेक्सिकोचे एक राष्ट्रीय कुलचिन्ह कसे बनले त्याचा इतिहास लिहिला. या दोन ग्रंथांनंतरही तेच जुने वाक्य पुन्हापुन्हा लिहिले जाते.

आता २०१६ कडे येऊ. २०१५ मध्ये जेम्स बाँडचा 'स्पेक्टर' हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याच्या सुरुवातीला मेक्सिको शहरात मृतांच्या दिवसाची एक महाकाय मिरवणूक दाखवली आहे: अजस्र सांगाडे, हजारो मुखवटे, ढोल. अशी मिरवणूक त्या शहरात त्यापूर्वी निघत नव्हती. चित्रपट जगभर पाहिला गेला, आता पर्यटक ती शोधत येतील असा हिशेब झाला, आणि २९ ऑक्टोबर २०१६ रोजी शासनाच्या पुढाकाराने ती खरोखरच काढण्यात आली. तेव्हापासून ती शहराच्या दिनदर्शिकेत पक्की बसली आहे. तत्पूर्वी, २०१३ मध्ये, डिस्नी कंपनीने आपल्या आगामी चित्रपटासाठी 'दिया दे लोस मुएर्तोस' हे शब्दच व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्याचा अर्ज केला होता. लोकक्षोभ उसळताच तो मागे घ्यावा लागला. २०१९ मध्ये मॅटेल कंपनीने याच सणाची बार्बी बाजारात आणली. हे तीन प्रसंग एकत्र ठेवले की दिशा कळते. तिन्ही ठिकाणी जे उचलले गेले ते मृत्यूचे रूप होते. मृतांना कोणी हात लावला नाही, कारण दुसऱ्याची आजी विकता येत नाही.

यावर एक उत्तर नेहमी मिळते आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. उत्तर असे: परंपरा बदलतात, 'शुद्ध' सण कधीच नव्हता, मिरवणूक नवी म्हणून खोटी ठरत नाही. आम्हांला हे पूर्णपणे मान्य आहे, किंबहुना शुद्धतेचा कैवार घेणाऱ्यांशी आमचे भांडण अधिकच जुने आहे. 'तीन हजार वर्षांची अझ्टेक परंपरा' हे वाक्य पर्यटनाच्या पत्रकात शोभते. इतिहासात ते तसे टिकत नाही. २ नोव्हेंबर ही तारीख अकराव्या शतकाच्या आसपास फ्रान्समधल्या क्लूनी मठाच्या ओदिलो या मठाधिपतीने रूढ केलेल्या ख्रिस्ती मृतस्मरणाची आहे. उसाची साखर स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोत नेली, गव्हाचा पावही त्यांचाच. इतिहासकार एल्सा माल्विदो यांनी तर हा सण मुळात युरोपीय कॅथलिक असल्याचे ठामपणे मांडले होते. दुसऱ्या बाजूला झेंडू, कोपाल, मका, तामाले ही सामग्री देशी आहे, आणि मृतांसाठीचे सण स्पॅनिश येण्यापूर्वीही होते, फक्त ते वर्षाच्या वेगळ्या वेळी होत. या मिश्रणात कोणता अंश किती, हा वाद विद्वानांनी खुशाल चालवावा. आमचा मुद्दा मिरवणुकीच्या जन्मतारखेचा नाहीच. ती सिनेमातून आली म्हणून आम्ही तिला नाकारीत नाही. तिच्यात मेलेल्या कोणाही माणसाचे नाव नाही, हा आमचा आक्षेप आहे.

सार्वजनिक झाले की नाव जातेच, असेही आम्ही म्हणत नाही. पुएब्ला राज्यातल्या उआकेचुला गावाचे उदाहरण पाहा. तिथे वर्षभरात ज्या घरात मृत्यू झाला असेल त्या घरी कापडाच्या शुभ्र, कित्येक थरांच्या, छताला भिडणाऱ्या ओफ्रेंदा उभारतात. घराचे दार सर्वांना खुले असते. अनोळखी माणसेही येतात. येणाऱ्याने मेणबत्ती किंवा फुले आणावीत, छायाचित्रासमोर क्षणभर उभे राहावे, आणि घरच्यांनी त्याला खाऊ घातल्याशिवाय सोडू नये, अशी रीत आहे. हा सोहळा सार्वजनिक आहे, भव्य आहे, पर्यटकही त्यात असतात. पण तिथे गेलेल्याला कोण वारले हे कळल्यावाचून राहत नाही. ओआहाका राज्यातल्या एत्ला खोऱ्यात १ नोव्हेंबरच्या रात्री सोंगे घेतलेल्या टोळ्या वाजतगाजत निघतात. वात्रटपणा भरपूर असतो, तरी त्या गावातल्या घराघरांवर जातात. त्यांची थट्टा ज्यांना लागायची त्यांना बरोबर लागते. खुद्द मेक्सिको शहराच्या त्या मिरवणुकीनेही एकदा ही वाट दाखवली होती. १९ सप्टेंबर २०१७ च्या भूकंपानंतर महिन्याभराने निघालेल्या मिरवणुकीत सुरुवातीलाच भूकंपबळींना आणि ढिगारे उपसणाऱ्यांना मानवंदना दिली गेली. त्या वर्षी मिरवणुकीला कोणासाठी चाललो आहोत हे ठाऊक होते.

म्हणून आमची कसोटी साधी आहे. घर विरुद्ध रस्ता अशी ती नाही, जुने विरुद्ध नवे अशीही नाही. पाहायला आलेल्या माणसावर काही जबाबदारी येते का, आणि ज्याच्यासाठी हे चालले आहे त्याचे नाव कुठे घेतले जाते का, एवढेच आम्ही विचारतो. युनेस्कोने २००८ मध्ये आपल्या वारसायादीत या सणाची नोंद केली तेव्हा नाव दिले ते 'मृतांना वाहिलेला देशी लोकांचा सण' अशा अर्थाचे. म्हणजे कागदोपत्रीही मृतच आहेत. रस्त्यावर आल्यावर तेवढा मृत्यू होतो.

ही चर्चा अभिरुचीपुरती असती तर आम्ही इतके शब्द खर्ची घातले नसते. तिला एक भयंकर बाजू आहे. मेक्सिकोत बेपत्ता माणसांची एक अधिकृत नोंदवही आहे. मे २०२२ मध्ये तिच्यातला आकडा १ लाखाच्या पुढे गेला आणि २०२५ पर्यंत तो १ लाख ३० हजारांच्या घरात पोहोचला. बहुतेक नोंदी २००६ नंतरच्या, म्हणजे सरकारने अमली पदार्थांच्या टोळ्यांविरुद्ध लष्कर उतरवल्यानंतरच्या आहेत. ही माणसे टोळ्यांनी नेली, काही ठिकाणी पोलिसांनी आणि सैनिकांनी नेली, पुष्कळदा दोघांनी मिळून नेली. २६ सप्टेंबर २०१४ च्या रात्री आयोत्सिनापाच्या अध्यापक विद्यालयाचे ४३ विद्यार्थी नाहीसे झाले. इतक्या वर्षांत त्यांपैकी अवघ्या तिघांच्या अवशेषांची ओळख पटली आहे. दुसरीकडे, संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०२२ च्या आपल्या अहवालात नमूद केले की, मेक्सिकोतल्या शवागारांत आणि सामूहिक खड्ड्यांत ५२ हजारांहून अधिक ओळख न पटलेले मृतदेह आहेत. एकीकडे देह नसलेली नावे, दुसरीकडे नावे नसलेले देह. पोसादाची हाडे ज्या प्रकारच्या खड्ड्यात गेली त्या प्रकारचे खड्डे आज त्या देशात भरलेले आहेत.

या माणसांच्या घरी १ नोव्हेंबरला काय होते? ओफ्रेंदावर छायाचित्र ठेवायचे की नाही, हा तिथला प्रश्न असतो. ठेवले तर मुलगा मेला हे आईने मान्य केल्यासारखे होते आणि शासनालाही फाईल मिटवायला बरे पडते. न ठेवले तर सगळ्या गावाचे मृत घरी येतात आणि हिच्या घरी कोणी येत नाही. अनेक माता छायाचित्र ठेवीत नाहीत. 'जिवंत नेलेत, जिवंत परत द्या' ही त्यांची घोषणा आहे आणि ओफ्रेंदावर ते छायाचित्र ठेवणे म्हणजे ती घोषणा मागे घेणे. याच माता वर्षभर टोळ्यांच्या मुलखात, डोंगरउतारांवर आणि ओसाड रानांत, लोखंडी सळई जमिनीत ठोकून ती बाहेर काढतात आणि तिचे टोक हुंगतात. कुजल्याचा वास आला तर तिथे खणायचे. पोमुच गावात आईची हाडे पुसणारी मुलगी आणि सोनोरा राज्याच्या वाळवंटात मुलाची हाडे शोधणारी आई, या दोघींना एकत्र पाहिल्यावर 'मृत्यूला हसणारा देश' हे वाक्य कोणाच्या तोंडून निघेल, याची आम्हांला कल्पना करवत नाही. पहिलीजवळ जे आहे तेच दुसरी मागते आहे.

मेक्सिको शहरात पासेओ दे ला रेफोर्मा या राजरस्त्यावर एक चौक आहे. तिथला जुना ताडवृक्ष मरून पडणार म्हणून २०२२ मध्ये काढला गेला, तेव्हा बेपत्तांच्या कुटुंबीयांनी तो चौक ताब्यात घेतला, त्याला बेपत्तांचे नाव दिले आणि सभोवार आपल्या माणसांची पत्रके लावली: छायाचित्र, नाव, वय, शेवटचे कुठे दिसले. ती पत्रके काढली गेली तेव्हा त्यांनी ती पुन्हा लावली. आणि मृतांच्या दिवसाची ती भव्य मिरवणूक अलीकडच्या वर्षांत चापुल्तेपेकहून सोकालोच्या मुख्य चौकाकडे जाताना याच रस्त्याने जाते. एका बाजूला नाव नसलेले प्रचंड सांगाडे चालले आहेत. दुसऱ्या बाजूला नावे चिकटवलेली आहेत आणि त्यांचे सांगाडेही सापडलेले नाहीत. सणाच्या भाषेत बोलायचे तर खरी ओफ्रेंदा त्या चौकातच मांडलेली आहे आणि मिरवणूक तिच्यावरून निघून जाते. हिंसेला आता सणाची सीमाही उरलेली नाही. १ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री मिचोआकानमधल्या उरुआपान शहराचे महापौर कार्लोस मान्सो यांना शहराच्या मुख्य चौकात, मृतांसाठी मेणबत्त्या लावण्याच्या सोहळ्यात, भर गर्दीत गोळ्या घालून मारले. ज्या रात्री हे घडले त्या रात्रीला 'मृत्यूचा उत्सव' म्हणायचे असेल तर म्हणणाऱ्याने त्या शब्दांचा अर्थ एकदा तपासावा.

मिरवणूक बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. तो आमचा अधिकारही नाही. तिच्याविना सणाचे काय होते हे मात्र एकदा दिसून आले आहे. २०२० मध्ये महासाथीमुळे मिरवणूक निघाली नाही, अनेक ठिकाणी दफनभूमीदेखील बंद ठेवाव्या लागल्या, आणि सरकारने ३१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर असा तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. रस्ता रिकामा होता. घरोघरच्या टेबलांवर मात्र त्या वर्षी कित्येक छायाचित्रे नवी होती. सण झाला. ज्यांनी तो आयुष्यभर केला त्यांना सांगाड्यांच्या गाड्या निघाल्या नाहीत म्हणून काही चुकल्यासारखे वाटले असेल, असे आम्हांला वाटत नाही. दफनभूमीचे बंद दार त्यांना लागले असेल.

शेवटी, आपल्याकडच्या लेखकांना दोन शब्द. काहीजण या सणाला 'मेक्सिकोचा पितृपक्ष' म्हणून मोकळे होतात. साम्य आहे, नाकारण्याचे कारण नाही. शस्त्राने वा अपघाताने गेलेल्यांसाठी आपल्याकडेही चतुर्दशी राखलेली आहे, ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे, आणि तर्पणात तीन पिढ्यांची नावे गोत्रासह घ्यावीच लागतात. त्याहून जवळचा धागा वसईतल्या आणि गोव्यातल्या कॅथलिकांचा आहे. २ नोव्हेंबरला तेही आप्तांच्या थडग्यांवर फुले आणि मेणबत्त्या नेतात, कारण पंचांग एकाच चर्चचे आहे. पण साम्य दाखवायचेच तर ते नेमक्या जागी दाखवावे. बारा वर्षे पत्ता न लागलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, असा पालाशविधी आपल्या धर्मशास्त्राने सांगून ठेवला आहे. देह नसताना निरोप कसा द्यायचा, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनाही पडला होता याची ती खूण आहे. मेक्सिकोतल्या त्या माता असा पुतळा करायला तयार नाहीत. त्यांना मुलगा हवा आहे, नाहीतर त्याची हाडे हवी आहेत, आणि तोवर त्या टेबलावरची एक जागा रिकामी ठेवणार आहेत.

म्हणून पुढच्या ऑक्टोबरात जो कोणी या सणावर मराठीत लिहील त्याला आमची एवढीच सूचना आहे. कात्रिनाचे छायाचित्र खुशाल छापावे, साखरेच्या कवट्यांचे वर्णनही करावे. फक्त शीर्षकात 'मृत्यू' लिहिण्याआधी थांबून, कोण मेले आहे आणि कोण अजून सापडलेले नाही, हे विचारावे. ज्या घरात पाहुण्यासाठी पाणी भरून ठेवले आहे त्या घराविषयी लिहिताना पाहुण्याचे नाव विचारणे हा साधा शिष्टाचार आहे.